जस्त जास्त

सूनबाईने घरात पावडर बंद केली तेव्हा मास्तरांनी वाद घातला नाही, आणि तिथेच खरं तर तिला संशय यायला हवा होता. मास्तर म्हणजे तिचे सासरे. जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, आणि अजूनही वर्तमानपत्रातल्या काना-मात्रेच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्याशिवाय ते रद्दीत न टाकणारे. असा माणूस एखादी गोष्ट निमूटपणे ऐकून घेतो, हे लक्षण काही बरं नव्हतं.

पण सूनबाईला तेव्हा दुसरंच काही सुचत नव्हतं. ती हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. हवेतली धूळ एका गोल कागदावर ओढून घ्यायची, तो कागद आम्लात उकळून धुळीतले धातू पाण्यात उतरवायचे आणि ते कोणते, किती, हे यंत्राकडून मोजून घ्यायचं, असं तिचं काम. हे धातू इतके चिमुकले की माणसाने कपाळाचा घाम पुसला आणि तोच हात कागदाला लावला, तरी सगळं मुसळ केरात. म्हणून धुळीच्या कागदाबरोबर एक कोरा कागदही तपासायचा. कोऱ्यात काही निघालं तर दोष हवेचा नाही, तपासणाऱ्याचा. आपला कोरा कोराच राहावा यासाठी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कपडे झटकायला लावायची. तिथे सगळे तिला पाठीमागे झटकबाई म्हणत. साहेब तोंडावरही म्हणत.

आणि एक दिवस झटकबाईंच्याच कोऱ्या कागदात जस्त निघालं. तिने बाटल्या तपासल्या, चिमटे तपासले, हातमोजे तपासले. शोधता शोधता ती स्वतःच्या बाहीपर्यंत पोहोचली आणि बाहीवरून थेट मास्तरांच्या घामोळ्यांच्या पावडरीच्या डब्यापर्यंत.

"बाबा, तुमच्या या पावडरीत जस्त असतं," ती म्हणाली.

"असेल. मी कुठे ती खातोय?"

"खात नाही, पण उडवता. सकाळी तुम्ही अंगाला लावता, ती माझ्या कपड्यांवर बसते आणि माझ्याबरोबर नोकरीला येते. घरात ही पावडर नको."

मास्तरांनी डबा हातात घेतला, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "घरात नको. एवढंच ना?"

"हो. घरात नको."

"ठीक आहे. घरात नाही."

दुसऱ्या दिवसापासून डबा घरात दिसला नाही. सूनबाईने नवऱ्याला सांगितलं, "बाबा किती समजूतदार आहेत बघ." नवरा त्यांच्याच हाताखाली वाढलेला होता. तो म्हणाला, "बाबा? समजूतदार?" आणि पुन्हा दाढी करायला लागला.

पुढे प्रयोगशाळेला त्या भागात धूळ गोळा करायचं यंत्र ठेवायला जागा हवी होती. सूनबाईने आपल्या इमारतीची गच्ची सुचवली. पत्र्याची मोठी टोपी घातलेलं ते यंत्र गच्चीच्या मधोमध उभं राहिलं आणि अखंड घरघर करायला लागलं. मास्तरांना फार आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणावर तरी लक्ष ठेवायचं काम आलं होतं. "तू निश्चिंत जा. मी दुपारभर असतो वर," ते म्हणाले, आणि सूनबाई निश्चिंत गेली.

संध्याकाळ मात्र त्यांची ठरलेली होती. इमारतीच्या समोरच बादल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, पुढे बादल्यांच्या उतरंडी आणि मागे पत्र्याच्या बादल्यांवर जस्ताचा मुलामा चढवायची भट्टी. मालकाला सगळे बादलीवाले म्हणत. रोज संध्याकाळी पालथ्या बादल्यांवर बसून मास्तर आणि बादलीवाले बुद्धिबळ खेळत. पटातला पांढरा हत्ती कधीच हरवला होता. बादलीवाल्यांनी त्याच्या जागी पत्र्याची बोटभर बादली घडवून, तिच्यावर जस्त चढवून, ती पालथी घालून ठेवली होती. हाच हत्ती. सासूबाई गेल्यापासून मास्तरांचं हसणं घरात फारसं ऐकू येत नसे. ते ऐकायचं तर संध्याकाळी रस्त्याकडची खिडकी उघडावी लागे. सूनबाई रोज उघडायची.

पहिला कागद तपासून झाला त्या दुपारी सूनबाई आकड्यांकडे बघतच राहिली. जस्त एवढं, की मोजायचं यंत्र बिघडलं असावं असं तिला वाटलं. पण शेजारचा कोरा कागद स्वच्छ होता. पुन्हा तपासायचं म्हणजे उशीर होणार, म्हणून तिने घरी फोन लावला. डोक्यावर आम्लाचा धूर ओढणारा पंखा घोंघावत होता. फोन मास्तरांनी उचलला.

"बाबा, मला आज उशीर होईल. आपल्या गच्चीवरच्या कागदात जस्त आहे."

"काय आहे?"

"जस्त! जस्त आहे!"

"जास्त आहे? काय जास्त आहे?"

"जस्तच जास्त आहे, बाबा!"

"जास्तच जास्त?"

"हो! बाकी काही विशेष नाही, जस्तच!" असं ओरडून तिने फोन ठेवला.

ज्यांनी एका कान्यापायी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे मार्क कापले, त्या मास्तरांच्या कानाने नसलेला काना ऐकला. ते तसेच जिना उतरून इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींना इमारतीत काही घडत नाही याचं कायमचं दुःख होतं.

"हवेत जास्त आहे," मास्तर म्हणाले. "सूनबाईने स्वतः मोजलंय. जास्तच जास्त आहे."

"पण काय जास्त आहे?"

"ते विचारलं मी. ती म्हणाली, बाकी काही विशेष नाही."

"म्हणजे लपवताहेत," सेक्रेटरी म्हणाले. "वरून हुकूम असणार. लोक घाबरू नयेत म्हणून."

मग त्यांनी दारोदार फिरून लोकांना घाबरवलं. खिडक्या बंद झाल्या. दारांच्या फटींत ओले टॉवेल बसले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी झाडं गुदमरतील म्हणून सगळ्या कुंड्या आत घेतल्या, आणि मग झाडांनी आपली हवा संपवली तर काय, म्हणून परत बाहेर ठेवल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याने कोटाच्या अस्तरातून तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवल्या. सेक्रेटरींना जांभळी मिळाली.

सूनबाई घरी आली तेव्हा इमारत डबाबंद होती आणि सगळे बिऱ्हाडकरू जिन्यात घामाघूम बसले होते.

"या! खरं काय ते सांगा," सेक्रेटरी जांभळ्या पट्टीआडून म्हणाले. "ऐकायची तयारी आहे आमची. किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"कसले दिवस?"

"जास्त आहे ना हवेत?"

सूनबाईने मास्तरांकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा! जस्त म्हणाले मी. जस्त! ज-ला काना नाही!"

मास्तरांचा चेहरा असा पडला, की शाळेतल्या कुठल्याही नापास मुलाने पाहिला असता तर त्याची जन्माची भरपाई झाली असती. कुणीतरी खुदकन हसलं. विषय तिथेच संपला असता, पण सेक्रेटरींना तो संपायला नको होता.

"जस्त म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "बादलीला लावतात तेच ना?"

सगळ्यांनी समोरच्या कारखान्याकडे बघायचं ठरवलं. त्यासाठी आधी खिडकी उघडावी लागली.

"असं लगेच म्हणता येत नाही," सूनबाई घाईघाईने म्हणाली. "एकाच कागदावरून काही ठरत नसतं. मी पुन्हा—"

पण तिचं ऐकतो कोण? मंडळी निघालीसुद्धा. आणि पुढे कोण, तर मास्तर. त्यांना सेक्रेटरींनी पुढे केलं हे खरं, पण ते झाले, हेही खरं. कान्यावरून सगळ्यांदेखत फजिती झालेली, ती कशानेतरी भरून काढायची होती. सूनबाई मागून धावली.

बादलीवाले पट मांडून वाट बघत बसले होते. एवढी माणसं बघून ते उठून उभे राहिले. "मास्तर, आज प्रेक्षक घेऊन आलात?"

मास्तरांनी घसा खाकरला. "तुमच्या भट्टीतून जस्त उडतंय. हवेत सापडलंय. शास्त्रीय पद्धतीने."

"माझ्या भट्टीतून?" बादलीवाले थबकले. त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मास्तर, तुम्ही रोज इथे बसता. एकदा तरी त्रास झाला?"

"प्रश्न त्रासाचा नाही. मोजमापाचा आहे."

"काका, अजून काही नक्की नाही," सूनबाई मध्ये पडली.

"राहू दे, बेटा. भट्टी माझीच आहे. दुसऱ्या कुणाची आहे का इथे?" बादलीवाले खाली वाकले. पटावरचा आपला पत्र्याचा हत्ती त्यांनी उचलला आणि खिशात टाकला. "हा माझ्या जस्ताचा आहे. उगाच तुमच्या घरातली हवा बिघडायला नको. पट तेवढा घेऊन जा."

मास्तर पट काखेत मारून परत आले. त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ कमी आहे असंसुद्धा म्हटलं नाही.

मग संध्याकाळी खिडकी उघडून काही उपयोग उरला नाही. मास्तर घरीच पट मांडत, हत्तीच्या जागी बाटलीचं बूच ठेवत, थोडा वेळ त्याच्याकडे बघत आणि पट गुंडाळत. "बुचाला हत्ती म्हणवत नाही," ते म्हणाले. नवऱ्याने नवा पट आणायची तयारी दाखवली, तर त्याच्यावर खेकसले. सूनबाईला फार वाईट वाटत होतं. आकडा तिचा होता. त्या आकड्याने या वयात त्यांचा एकुलता एक मित्र घालवला होता, आणि आकडा खरा असेल तर माफी तरी कुणी कुणाची मागायची?

आकडा खरा आहे का, एवढं तिच्या हातात होतं. कागदाचा अर्धा भाग ती नेहमी डबीत बंद करून बाजूला ठेवायची. तो तिने बाहेर काढला. डबी उघडायला आणि साहेब आत यायला एकच गाठ पडली.

"इथे कुणी पुदिन्याच्या गोळ्या खातंय का?" साहेबांनी विचारलं.

"इथे कुणी काही खात नाही," झटकबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही कपडे झटकले नाहीत."

"मग हा गारगार वास कसला?"

सूनबाईने डबीवर नाक नेलं. वास कागदालाच होता. तिने अर्धा कागद पुन्हा तपासायला लावला, आणि या वेळी जस्तावरच न थांबता सगळे आकडे नीट वाचले. जस्ताच्या जोडीला मॅग्नेशियम निघालं होतं, तेही मजबूत.

"मॅग्नेशियम म्हणजे शंखजिरं असणार, अंगाच्या पावडरीत घालतात ते," साहेब म्हणाले. "जस्त, शंखजिरं आणि पुदिना. झटकबाई, हा बादल्यांचा कारखाना आहे की सौंदर्यप्रसाधनांचा?"

सूनबाई तोवर पर्स उचलून निघाली होती.

भर दुपारी ती गच्चीवर पोहोचली. यंत्राच्या टोपीची जी काय सावली पडते, तिच्यात खुर्ची टाकून मास्तर उघड्या अंगाने बसले होते. पाठ यंत्राकडे होती. हातात तोच डबा. ते डबा खांद्यावरून मागे नेऊन पाठीवर पावडर झाडत होते, आणि प्रत्येक झटक्यासरशी एक पांढरा ढग उठून शहाण्यासारखा यंत्राच्या टोपीखाली शिरत होता.

"बाबा!"

मास्तर दचकले, पण सावरले. "तू घरात नको म्हणाली होतीस. गच्ची म्हणजे घर नव्हे. मी तेव्हाच शब्द पक्का करून घेतला होता."

"पण यंत्राला टेकूनच का?"

"सावली दुसरीकडे आहे कुठे? शिवाय हे हवा ओढतं. पाठीला बरं वाटतं. आणि जास्तीची पावडर आपोआप निघून जाते. जमिनीवर सांडत नाही, स्वच्छ काम."

"निघून कुठे जाते, बाबा?"

मास्तरांनी वळून यंत्राकडे पाहिलं. यंत्र घरघरत होतं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या शेडकडे. मग हळूच डब्याला झाकण लावलं.

"म्हणजे ते जस्त..."

"तुमचं."

"खूप होतं म्हणालीस तू."

"तुम्ही लावता किती ते तरी बघा!"

मास्तरांनी सदरा चढवला. गुंड्या चुकल्या, त्या परत लावल्या. "चल," ते म्हणाले. "मला एकट्याला जमणार नाही."

तिला खरं तर रागवायचं होतं. पण डबा लपवायला त्यांना गच्चीवर कुणी पाठवलं होतं? तिनेच. स्वतःचा कोरा कोरा राहावा म्हणून. तिने त्यांचा हात धरला आणि दोघं जिना उतरले.

बादलीवाले शेडच्या तोंडाशी होते. या दोघांना बघूनही त्यांनी पालथी बादली पुढे सरकवली नाही. मास्तर उभेच राहिले.

"भट्टी तुमची नव्हती," ते म्हणाले. "म्हणजे, पावडर माझी होती. घामोळ्यांची. मी चुकलो. मला माफ करा."

बादलीवाल्यांना काहीच कळलं नाही. सूनबाईने सगळं सांगितलं. गच्ची, पाठ, टोपी, पुदिना. ऐकता ऐकता बादलीवाल्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि मग ते असे हसले की बादल्यांची एक उतरंड कोसळली. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"मास्तर, भट्टीतून जस्त येणारच नव्हतं. भट्टी कधीची थंड आहे."

"थंड?"

त्यांनी मागचं ताडपत्रीचं पांघरूण उचललं. आत प्लास्टिकच्या बादल्या होत्या. लाल, हिरव्या, निळ्या. एकात एक घालून छतापर्यंत. "हल्ली हेच खपतं. पत्र्याच्या बादल्या पुढे मांडतो त्या नुसत्या शोभेच्या. तुम्ही रोज म्हणायचात, ही बादली नातवंडांना पुरेल. कोणत्या तोंडाने सांगणार तुम्हाला?"

"मी रोज इथे बसत होतो. मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही पटावरून मान वर कधी काढता?"

"मग त्या दिवशी सांगायचं ना, काका, भट्टी बंद आहे म्हणून!" सूनबाई म्हणाली.

"सगळ्यांसमोर? त्यापेक्षा धूर माझा म्हटलेलं परवडलं." मग ते जरा घुटमळले. "बेटा, एक विनंती आहे. ते हवेत माझं जस्त नव्हतं, हे एवढ्यात गावभर नको करूस."

"का?"

"तुमच्या सेक्रेटरींनी एवढा बोभाटा केला की लोकांना कळलं, भट्टी चालू आहे. जुनी गिऱ्हाइकं यायला लागली. म्हणतात, आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलंत! एका शाळेने तर बागेसाठी झाऱ्या मागितल्यात. उद्या भट्टी पेटवतोय." एवढं बोलताना ते लाजले.

सूनबाई पेचात पडली. खोटा आकडा तिला ठेवता येणार नव्हता. तो कागद तिने बाद केला, आणि इमारतीत जिन्यात उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं, पावडरीसकट. मास्तर तिच्या शेजारी उभे राहिले. पण सेक्रेटरींनी समजूतदारपणे मान हलवली.

"कळतंय आम्हाला," ते म्हणाले. "शेजारधर्म म्हणून सांभाळून घेताय. एरवी कुणी स्वतःवर पावडरीचा आळ घेईल का?"

इमारतीला ते पटलं. खरं सांगूनही बादलीवाल्यांची अब्रू अशी शाबूत राहिली.

मग घरात पावडरीला परवानगी मिळाली. सूनबाई कपडे नोकरीवर जाऊन बदलायला लागली. बंदी फक्त गच्चीवर राहिली, आणि या वेळी तिने मास्तरांकडून शब्द पक्का करून घेतला. गच्ची, गच्चीचा जिना, गच्चीचा कठडा आणि गच्चीवरून पाच हात अंतरावरची कुठलीही जागा. मास्तरांनी तिच्या भाषेचं कौतुक केलं.

भट्टी पेटल्यानंतरचा कागद तपासून झाला, तेव्हा संध्याकाळ झाली होती. सूनबाईने आकडे दोनदा वाचले. पुदिना नाही, शंखजिरं नाही. तिने मास्तरांना फोन लावला. पंखा घोंघावतच होता, पण पलीकडून बादल्यांचा खणखणाट आणि घणाचे घाव ऐकू येत होते. मास्तर कारखान्यात होते.

"बाबा, नीट ऐका. जस्त आहे, पण जास्त नाही."

"थांब. परत सांग. कुठल्या शब्दाला काना आहे?"

"पहिल्याला नाही. दुसऱ्याला आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. त्यांना सांगा, अगदी नावापुरतं आहे."

पलीकडे मास्तरांनी निरोप दिला. मग बादलीवाल्यांचा आवाज तिला फोनमधूनच ऐकू आला. त्यात काळजी होती, पण ती भलतीच.

"नावापुरतं का होईना, आहे ना पण? नक्की माझंच ना?"

"सूनबाई, ते विचारताहेत, नक्की त्यांचंच ना?"

"त्यांचंच, बाबा. शंभर टक्के."

मग पटावर काहीतरी ठक्कन ठेवल्याचा आवाज आला. लाकडाचा नव्हता, पत्र्याचा होता.

"शह!" बादलीवाले म्हणाले.

आणि मास्तर फोन ठेवायचा विसरून गेले, त्यामुळे त्यांचं हसणं सूनबाईला बराच वेळ ऐकू येत राहिलं.